बाळाच्या गोधडीसाठी एक पानाचं परिपत्रक

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



मागणी लहान आहे, म्हणून ती आधीच सांगते. लोकांनी हातानं शिवून दिलेली तान्ह्या बाळाची गोधडी सरकारी रुग्णालयानं कशी घ्यायची, कशी धुवायची आणि कोणत्या बाळाला द्यायची, याबद्दल आपल्या विभागानं एक पानाचं परिपत्रक काढावं. निधी नको, नवी योजना नको, समारंभ तर नकोच.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीतली बहुतेक वर्षं प्रसूती कक्षात आणि नवजात बाळांच्या कक्षात गेली. आता सांगली जिल्ह्यातल्या माझ्या गावात आम्ही काही जणी दुपारची जेवणं उरकली की देवळाच्या ओवरीत शिवायला बसतो. कुणी शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आहेत, कुणी घरी ब्लाऊज शिवणाऱ्या. एक म्हातारी आक्का आहे. तरुणपणी ती घरोघर जाऊन मजुरीवर वाकळा शिवायची. आम्हा सगळ्यांच्या हाताला शिस्त तिनं लावली. जुनी लुगडी, धोतरं, पंचे गोळा करायचे, उकळत्या पाण्यातून काढायचे, कडक उन्हात वाळवायचे आणि बाळाच्या मापाच्या गोधड्या शिवून जवळपासच्या सरकारी रुग्णालयांत नेऊन द्यायच्या, एवढं आमचं काम.

एका रुग्णालयात त्या आनंदानं घेतल्या आणि त्याच दिवशी बाळंतिणींना वाटल्या. दुसऱ्या ठिकाणी भांडारपाल म्हणाले, साठा नोंदवहीत अशा वस्तूचा रकाना नाही, खरेदीची पावती नाही, मग जमा कशी करू? गठ्ठा कपाटावर राहिला तो थंडी सरली तरी तिथेच होता. आणखी एके ठिकाणी वॉर्डाच्या सिस्टरनं हात जोडून नको म्हटलं. बाहेरच्या जुन्या कापडातून एखाद्या बाळाला खरूज झाली तर उत्तर कुणी द्यायचं, असा तिचा प्रश्न होता. यांच्यापैकी कुणावरही माझा राग नाही. भांडारपालांना लेखापरीक्षणाला तोंड द्यायचं असतं, आणि त्या सिस्टरच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. त्यांच्यापाशी लेखी नियम नव्हता. तो करणं आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र त्यांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

गोधडीनं असं काय होतं, असं कुणीही विचारेल. बाळ जन्मतं ते ओलं. अंगावरचं पाणी सुकताना ऊब घेऊन जातं; त्यात वजनाचा काटा गार, वर पंखा चालू. मोठ्या माणसाला थंडीनं हुडहुडी भरते, स्नायू थरथरतात आणि त्यातून उष्णता तयार होते. तान्ह्या बाळाला ते जमत नाही. त्याच्या खांद्यांच्या मधे आणि मूत्रपिंडांभोवती तपकिरी चरबी असते, ती जाळून ते ऊब टिकवतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा अडीच किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाजवळ ही चरबी कमी असते. असं बाळ गार पडलं की ऑक्सिजन आणि साखर दोन्ही जास्त खर्च करतं. रक्तातली साखर उतरते, बाळ सुस्तावतं, जोरानं ओढून दूध पीत नाही, आणि दूध पोटात नाही म्हणून आणखी गार पडतं. ताप नाही, रडणं नाही, म्हणून घरच्यांना वाटतं बाळ कसं गुणी, शांत झोपलंय. अशा ‘शांत’ बाळांना घेऊन धावत आलेल्या आया मी पाहिल्या आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात वजन नोंदलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळं अडीच किलोंच्या खाली होती.

बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियसमध्ये राहावं, प्रसूतीची खोली २५ अंशांच्या खाली नसावी, बाळ लगेच पुसून कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर ठेवावं, पहिली अंघोळ निदान २४ तास लांबवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रुग्णालयात आमच्या सिस्टर मुली हे मनापासून सांभाळतात. खरी अडचण येते ती बाळ घरी निघतं तेव्हा. डिसेंबरच्या सकाळी रिक्षात, उघड्या जीपमध्ये, एसटीच्या खिडकीशी ते बाळ कशात गुंडाळलेलं असतं? पुष्कळदा आईच्या सिंथेटिक साडीच्या पदरात किंवा बाजारातून घाईनं आणलेल्या पातळ टॉवेलात.

ऊब देणं हे साध्या बाईच्या हातचं काम आहे, हे आपल्याच गडचिरोलीनं जगाला दाखवून दिलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. घरी जाऊन वजन करायचं, तापमान पाहायचं, बाळ उबेत ठेवायला शिकवायचं, जंतुसंसर्ग दिसला तर औषध द्यायचं. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं. त्याच वाटेनं २०११ पासून देशभर आशाताई बाळाच्या घरी जाऊ लागल्या. हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला आणि तळपायाला लावून बघायची, पोट गरम आणि पाय गार असतील तर बाळ थंडीशी झगडतंय, दोन्ही गार असतील तर लगेच उपाय हवा, हे आज खेड्यातल्या आशाताईला पाठ आहे. तिच्या त्या ज्ञानाला जोड म्हणून घरात एक धड सुती पांघरूण असावं, एवढंच आमचं म्हणणं.

गोधडीच्या प्रेमापोटी एक गोष्ट झाकली जायला नको, म्हणून स्पष्ट लिहिते. कमी वजनाच्या बाळाला गोधडीच्या आधी आईची छाती. इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. एडगर रे आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगानं बांधून ठेवायला सुरुवात केली. तीच कांगारू काळजी. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात, बाळ स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर ही काळजी सुरू केली तर मृत्यू २५ टक्क्यांनी घटतात असं दिसलं. आता दिवसाचे ८ ते २४ तास बाळ छातीशी ठेवा, असं सांगितलं जातं. म्हणून आम्ही गोधडीबरोबर बाळ छातीशी बांधायचे रुंद सुती पट्टेही शिवतो. जुनं लुगडं त्यासाठी फार चांगलं, कारण ते ताणलं तरी काचत नाही. गोधडी येते ती त्या बाळाच्या पाठीवर, आणि आई चुलीशी, न्हाणीत किंवा कामावर जाते त्या वेळी.

आणि तिथे गोधडीसारखं दुसरं काही नाही. तिच्यात कापूस भरलेला नसतो, फायबर नसतं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचे थर धावदोऱ्यानं एकमेकांना धरून असतात. थरांमधली हवा ऊब धरते, कापड ओल शोषून घेतं, आणि गोधडी सपाट, घट्ट असल्यामुळे बाळाचं नाक तिच्यात रुतत नाही. बाजारातलं गुबगुबीत मिंक ब्लँकेट दिसायला छान, पण ते मूत शोषत नाही आणि बाळाच्या तोंडावर सरकलं तर मला त्याची भीतीच वाटते. आपल्या आज्यांनी बाळाला पहिल्यांदा जुन्या लुगड्यात नाहीतर धोतराच्या तुकड्यात घ्यायची रीत पाडली. बिहारमध्ये सुजनीही जुन्या साड्यांचे थर शिवून नव्या बाळासाठीच करत. ज्या घरांत नवं कापड परवडत होतं तिथेही बाळाला आधी जुनंच मिळे.

साडेपाच मीटरच्या सुती साडीचे ९० सेंटीमीटरचे सहा तुकडे पडतात. रुंदी ७५ सेंटीमीटर ठेवली की तीन थरांच्या दोन गोधड्या होतात आणि उरलेल्या पट्ट्यांची किनार. नऊवारीतून तीन गोधड्या निघतात. आक्का टाका तांदळाच्या दाण्याएवढाच घ्यायला लावते. मोठ्या वाकळेचा लांब टाका इथे चालत नाही, कारण त्यात बाळाचं बोट अडकतं. सुटा दोरा पायाच्या बोटाभोवती वेटोळला तर बोटाचं रक्त थांबतं. बाळ रडत राहतं आणि मोज्याच्या आत कुणी बघत नाही. म्हणून गाठ थरांच्या आत, बाहेर एकही शेपूट नाही. टिकल्या, लेस, बटणं, झालर काही नाही.

आमची खरी ओढाताण सुती कापडाची आहे. आता घरांतून येतात त्या बहुतेक साड्या सिंथेटिक. हाताला मऊ लागतात, पण पाणी पीत नाहीत. आम्ही प्रत्येक साडीच्या कडेचा दोरा काढून पेटवून बघतो. सुती दोऱ्याची राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मणी झाला की ती साडी बाजूला, मग देणाऱ्याला कितीही वाईट वाटो. जुनं पुरलं नाही तर वर्गणी काढून इचलकरंजीचं सुती कापड आणतो आणि खळ जाईपर्यंत धुतो.

आता त्या सिस्टरच्या भीतीकडे येते, कारण परिपत्रकाचा गाभा तिथे आहे. १९८९ मध्ये मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू केली. एका आईचं दूध दुसरीच्या बाळाला! कापडापेक्षा कितीतरी जोखमीचं काम. भीती त्यांनाही ठाऊक होती. त्यांनी तिच्यासाठी नियम बांधले. दूध देणाऱ्या आईची तपासणी, दुधाचं पाश्चरीकरण, जंतूंची चाचणी, प्रत्येक टप्प्याची नोंद. त्यामुळेच ज्यांच्या आईला दूध नव्हतं अशा किती तरी अशक्त बाळांना आईचंच दूध मिळालं. दुधाला जे जमलं ते कापडाला जमायला हवं. सुती गोधडी उकळता येते, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली ठेवता येते. शस्त्रक्रियेची हिरवी कापडं तिथूनच जातात.

तेव्हा परिपत्रकात एवढं असावं. गोधडी शंभर टक्के सुती, ठरलेल्या मापाची, दोन-तीन थरांची, फिकट रंगाची असावी, म्हणजे रक्त, शी, किडा लगेच दिसतो. देणाऱ्यांनी ती उकळून, वाळवून, बंद पिशवीत द्यावी आणि रुग्णालयानं आपल्या धुलाईतून पुन्हा एकदा काढावी. साठा नोंदवहीत ‘देणगी, मूल्य शून्य’ असा रकाना असावा, म्हणजे भांडारपाल निर्धास्त. तालुक्याला एकच जागा आणि एकच जबाबदार व्यक्ती असावी. गोधडी बाळाला कायमची द्यावी. ती परत घेऊन दुसऱ्या बाळाला देऊ नये, म्हणजे संसर्गाचा प्रश्न बराचसा मिटतो. कमी वजनाची बाळं आधी. आणि देताना सिस्टरनं किंवा आशाताईनं दोन मिनिटं बसून सांगावं: बाळ उताणं झोपवा, गोधडी काखेपर्यंतच घ्या, तोंड आणि नाक उघडं ठेवा, थर वाढवत जाऊ नका. हे शेवटचं वाक्य छापून गोधडीला शिवायलाही आमची तयारी आहे.

हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेत १९९५ मध्ये कॅरन लाउक्स या बाईंनी एका मासिकात रक्ताच्या कर्करोगानं आजारी मुलीची गोष्ट वाचली. केमोथेरपीत त्या मुलीला तिच्या लहानपणच्या पांघरुणाचा आधार होता. त्यातून ‘प्रोजेक्ट लायनस’ उभं राहिलं आणि आजवर लाखो पांघरुणं आजारी, दुखावलेल्या मुलांपर्यंत गेली. तिथे प्रत्येक भागात एक समन्वयक असते. पांघरूण हातानं केलेलं, नवं, धुता येणारं हवं, ज्या घरात धूम्रपान होतं तिथलं नको, टाचण्या राहिलेल्या नकोत, हे ती तपासते. त्याच देशातले बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर झोपलेल्या बाळाजवळ सैल पांघरूण ठेवू नका म्हणतात. तरी शिवणाऱ्या बाया थांबल्या नाहीत. नवजात कक्षातल्या बाळांसाठी त्यांनी इन्क्युबेटरवर टाकायची आच्छादनं शिवली, ज्यानं आतल्या बाळाच्या डोळ्यांवरचा उजेड कमी होतो. आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या नवजात कक्षांत रात्रंदिवस दिवे जळतात. तिथल्या डॉक्टरांना हवी असतील तर ती आच्छादनंही आमच्या बाया शिवतील. माप तेवढं द्यावं.

कुठे द्यायची, हेही मनात आहे. मे महिन्यात चंद्रपूरच्या बाळाला गोधडी म्हणजे शिक्षा. त्याला एका पदराचं मलमलचं दुपटं पुरे. धडगाव, अक्कलकुवा, मेळघाटातली थंडी निराळी. पण माझ्या डोळ्यांसमोर सगळ्यात आधी ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, येतात. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून माणसं दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडे येतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत फडाशेजारी, कारखान्याच्या माळावर राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई दिवस भरत आले तरी मोळ्या वाहते, इथेच बाळंत होते आणि अंगात त्राण येण्याआधी पहाटेच्या दहिवरात फडात उभी राहते. मोठं भावंड कोपीत बाळाला राखतं. खाली जमीन, वर ताडपत्री, बाजूनं वारा. ही बाळं त्यांच्या गावच्या आशाताईच्या यादीत असतात आणि आमच्या गावच्या यादीत नसतात. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्याच्या गटकार्यालयातून गरोदर बायांची यादी घेऊन ती स्थानिक प्राथमिक आरोग्य केंद्राला दिली, तर गोधडीच्या निमित्तानं आशाताई त्या कोपीत जाईल, बाळाच्या तळपायाला हात लावून बघेल. मला गोधडीपेक्षा तिचं ते जाणं महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक मागणी आहे. ती लिहिताना हात अडखळतो, पण सोडून देणार नाही. जी बाळं वाचत नाहीत त्यांना आईबापाच्या हाती कशात गुंडाळून दिलं जातं, हे मी पाहत आले. हाताला येईल ते कापड, फाटक्या चादरीचा तुकडा. तान्ह्या बाळाला आपल्याकडे दहन नसतं, त्याला मातीत ठेवतात. बाप ते गाठोडं कडेला धरून निघतो आणि आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. त्या बाळांसाठी लहान, पांढऱ्या, स्वच्छ दुपट्यांचा एक वेगळा गठ्ठा प्रत्येक प्रसूती कक्षात असावा. त्यात नीट गुंडाळून, आईची इच्छा असेल तर तिच्या मांडीवर थोडा वेळ द्यावं, मग न्यावं. परदेशात शिवणाऱ्या बाया हे काम वर्षानुवर्षं करतात. आमच्या ओवरीत याच कामाला सगळ्यात आधी हात वर झाले, आणि त्यांतले काही हात स्वतःचं बाळ गेलेल्या बायांचे होते.

दोन गोष्टी मात्र होऊ देऊ नयेत. आमची देणगी मिळते म्हणून सरकारनं आपली खरेदी कमी करू नये. फिनलंडमध्ये १९३८ पासून सरकार बाळाच्या कपड्यांची पेटी देतं. १९४९ पासून ती गरीब-श्रीमंत प्रत्येक आईला मिळते, अट इतकीच की तिनं वेळेत तपासणीला यावं. पेटी सरकारच्या पैशानं भरते. आपल्या राज्यानंही २०१९ मध्ये सरकारी रुग्णालयातल्या पहिल्या बाळासाठी बेबी केअर किट आणलं. त्या संचातलं पांघरूण सुती गोधडीचं असावं आणि ते ‘उमेद’ किंवा ‘माविम’च्या बचत गटांकडून रास्त मजुरी देऊन शिवून घ्यावं. आक्कानं आयुष्यभर वाकळा शिवून जे मिळवलं ते फार थोडं होतं. शिवणाऱ्या गरीब बाईकडून फुकटात श्रम मागू नयेत. दान आमच्यासारख्या पेन्शनवाल्यांनी करावं.

दुसरं, फोटो. गोधडी देताना बाळंतिणीला उभं करून, देणाऱ्यांना शेजारी घेऊन, मागे फलक लावून छायाचित्र काढलं जातं. नुकती बाळंत झालेली बाई टाके सांभाळत उभी असते. परिपत्रकात हे स्पष्ट मना करावं. गोधडीवर देणाऱ्याचं नाव, पक्षाचं चिन्ह, संस्थेचा शिक्का नसावा. घेणाऱ्या आईची नोंद रुग्णालयाच्या वहीत पुरे.

मसुदा तयार करायला आपल्या विभागाला वेळ नसेल तर एखाद्या जिल्हा रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ, नवजात कक्षाची सिस्टर, धुलाई विभागाचा माणूस आणि गोधडी शिवणारी एक बाई, अशी चौघं एका दुपारी बसली तरी तो होईल. त्यात मी यायला तयार आहे, आक्कालाही घेऊन येईन. ऊसतोडीच्या गाड्या दिवाळीच्या आगेमागे यायला लागतात. त्याआधी परिपत्रक निघालं तर याच हिवाळ्यातल्या बाळांना त्याचा उपयोग होईल.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
जिल्हा सांगली